जनुक आहे, तर औषध का नाही?

गेल्या अंकात मी स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाबद्दल लिहिलं होतं. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूत क्षयावरचं पहिलं प्रतिजैविक सापडलं, ती हकिगत. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या चारांना इथे उत्तर देते. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण त्यातला प्रश्न मला स्वतःला आयुष्यभर पुरला आहे.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आमच्या उसाच्या शेतातल्या मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला. पहिली प्लेट स्टार्च-केसीन अगार या खाद्यमाध्यमाची होती. तिच्यावर त्याच्याभोवती स्टॅफिलोकोकस हा चाचणीचा जिवाणू वाढलाच नाही, १८ मिलिमीटरचा स्वच्छ झोन आला. पुढची सबकल्चर्स (त्याच जिवाणूची नव्या प्लेटवर पुन्हा लागवड) कॉलेजात होता त्या न्यूट्रिएंट अगारवर केली. पाचव्या वेळी झोन गायब. वाढ उलट जोरात आहे, फक्त वरची पांढरी पूड कमी दिसते. सगळे म्हणतात, कल्चर दूषित झालं. माझं काय चुकलं? (सातारा जिल्हा)

उत्तर : दूषित झालेलं नसावं, असं मला तुझ्याच दोन वाक्यांवरून वाटतं. वाढ जोरात आहे आणि पांढरी पूड कमी झाली आहे, असं तू लिहिलंस. उत्तर तिथेच आहे.

शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं एका औषध कारखान्यात किण्वन विभागात होते. एकदा दहा हजार लिटरची एक टाकी चढवली. कॉर्न स्टीप लिकरचा, म्हणजे मका भिजवून उरलेल्या, जिवाणूंना खाद्य म्हणून घालायच्या अर्काचा, नवा लॉट आला होता, तो वापरला. तिसऱ्या दिवशी नमुना काढला तर द्रावण पिठल्यासारखं घट्ट. मी हरखून गेले, इतकी वाढ कधी पाहिली नव्हती. पण औषधाचं मोजमाप आलं ते नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. बीवर, म्हणजे टाकीत सोडलेल्या मूळ कल्चरवर, संशय घेतला, हवेचं फिल्टर उघडून पाहिलं, रात्रपाळीच्या लोकांना उगाच बोल लागले. शेवटी त्या नव्या लॉटचं पृथक्करण केलं तेव्हा फॉस्फेट भलतंच जास्त निघालं. जिवाणूंना ताटात भरपूर वाढलं होतं, म्हणून ते नुसते जेवत राहिले. त्या पाळीवरच्या माणसांची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. एक गोष्ट मात्र कायमची लक्षात राहिली. पोट भरलेला स्ट्रेप्टोमायसिस औषध करत नाही.

असं का, ते त्याच्या आयुष्यक्रमात दिसतं. बीजाणू रुजतो, धागे मातीत शिरतात, मेलेली पानं, मुळं, किड्यांची कवचं पचवत पसरतात. अन्न सरू लागलं की वसाहतीचा कारभारच बदलतो. खालचे धागे स्वतःला पचवू लागतात आणि त्या पुंजीवर हवेत नवे धागे उभे राहतात. तीच तुझी पांढरी लव. या हवेतल्या धाग्यांचे पुढे तुकडे पडून बीजाणू होतात, ती पांढरी पूड. आता विचार कर, खालच्या धाग्यांतून अन्न बाहेर सांडतंय आणि आजूबाजूला हजार उपाशी शेजारी बसलेत. नेमक्या याच वेळी प्रतिजैविक तयार होतं. आपल्या पोरांसाठी ठेवलेली शिदोरी राखायला ते होतं, असं या क्षेत्रातल्या बहुतेकांना वाटतं, आणि मलाही तेच पटतं.

म्हणजे बीजाणू आणि औषध ही एकाच निर्णयाची दोन अंगं आहेत. तुझ्या प्लेटवर दोन्ही एकदमच ओसरली, हा योगायोग नव्हे.

हा निर्णय जनुकांच्या पातळीवर कसा होतो, ते सर्वांत बारकाईने कळलं ते स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूमुळे. डेव्हिड हॉपवूड यांनी १९५४ साली केंब्रिजमध्ये त्याच्यावर काम सुरू केलं आणि पुढे नॉरिचच्या जॉन इन्स संस्थेत एक पूर्ण घराणंच उभं केलं. हा जिवाणू निवडण्याचा मोठा फायदा असा की त्याचं एक प्रतिजैविक, अ‍ॅक्टिनोऱ्होडिन, डोळ्यांना दिसतं. अल्कधर्मी माध्यमात गडद निळं, आम्लात लाल. औषध सुरू झालं की प्लेट निळी होते. मी पहिल्यांदा ती प्लेट पाहिली तेव्हा आईच्या निळीच्या पुडीची आठवण झाली होती.

२००२ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. सुमारे ८६ लाख ६७ हजार अक्षरं आणि ७,८२५ जनुकं. त्यातली जवळजवळ १२ टक्के जनुकं स्वतः काही घडवत नाहीत, दुसऱ्यांना चालू-बंद करतात. कुठल्या जनुकापाशी वाचन सुरू करायचं हे सांगणारी सिग्मा प्रथिनं आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे ७ असतात, याच्याकडे ६५ आहेत. इतका मोठा सचिवालयी पसारा एका मातीतल्या जिवाणूला कशाला लागतो? मातीत सकाळचं हवामान संध्याकाळी राहत नाही म्हणून. आणखी एक गोष्ट त्या वाचनातून पुढे आली, ती मला आजही थक्क करते. या जिवाणूची चारच प्रतिजैविकं माहीत होती. जनुकसंचात मात्र अशा पदार्थांच्या पाककृती वीसहून अधिक निघाल्या. बाकीच्या नुसत्या मिटून ठेवलेल्या होत्या.

अ‍ॅक्टिनोऱ्होडिनची पाककृती म्हणजे एकमेकांशेजारी बसलेली सुमारे २२ जनुकं. त्यांच्यातच एक जनुक त्या सगळ्यांना जागं करणाऱ्या प्रथिनाचं आहे, त्याचं नाव अ‍ॅक्ट-टू ओआरएफ-फोर. ते प्रथिन पुरेसं साठलं की निळा रंग येतो, नाही साठलं तर बाकीची जनुकं शाबूत असूनही प्लेट कोरी. मग या जागं करणाऱ्याला कोण जागं करतं? एक नव्हे, अनेक जण. त्यातली एक कडी इतकी सुंदर आहे की ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ल्युसिन हे अमिनो आम्ल डीएनएत लिहिण्याच्या सहा रीती आहेत. त्यातली एक टीटीए. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं ७२ टक्के भरलेली असल्यामुळे टीटीए अगदी क्वचित येतं, पावणेआठ हजार जनुकांपैकी दीडशेच्या आसपास जनुकांत. रोजच्या जगण्याला लागणाऱ्या जनुकांत ते जवळपास नाहीच. पण अ‍ॅक्टिनोऱ्होडिनला जागं करणाऱ्या त्या जनुकात मात्र ते बसलेलं आहे. टीटीए वाचू शकणारा वाहक आरएनए (प्रथिन जोडताना संकेत वाचून योग्य अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) एकच, तो बाल्ड-ए या जनुकातून तयार होतो. हे जनुक बिघडवलं तर जिवाणू मरत नाही, नीट वाढतो. फक्त त्याला लव येत नाही, वसाहत तुळतुळीत राहते, आणि निळा रंग येत नाही. कोवळ्या वाढीत हा वाहक आरएनए वापरण्याजोग्या रूपात कमी असतो, वाढ जुनी होईल तसा वाढतो. आदेशाचा कागद आधीच लिहिलेला, पण त्यातलं एक अक्षर वाचता येणारा माणूसच उशिरा कामावर येतो! जॉन इन्समध्ये कीथ चेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे उलगडलं. मी ते वाचलं त्या दिवशी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवून हेच शिकवलं होतं.

दुसरी कडी स्ट्रेप्टोमायसिनचीच. १९६७ साली सोव्हिएत संघात खोखलोव यांच्या गटाने स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमधून एक छोटा रेणू वेगळा केला, त्याला ए-फॅक्टर म्हणतात. ज्या वाणाने बीजाणू आणि औषध दोन्ही सोडली होती, त्याला हा रेणू नुसता दाखवला की दोन्ही परत. तेही लिटरमागे अब्जांश मोलइतक्या मात्रेत. पुढे टोकियोत बेप्पू आणि होरिनोउची यांनी साखळी जुळवली. अर्प-ए नावाचं प्रथिन एका जनुकावर दडपण ठेवून बसलेलं असतं. ए-फॅक्टर येऊन त्याला चिकटला की ते उठतं. मोकळं झालेलं जनुक अ‍ॅडप-ए बनवतं, ते एसटीआर-आर या जनुकाला जागं करतं, आणि ते मग स्ट्रेप्टोमायसिनची सगळी जनुकं. वसाहत दाट झाल्याशिवाय ए-फॅक्टर पुरेसा साठत नाही, म्हणून एकटादुकटा धागा औषध करायला बसत नाही. आणि अ‍ॅडप-एच्या जनुकातही एक टीटीए आहे, म्हणजे दोन्ही कड्या इथे एकमेकींत अडकल्या.

आता तुझ्या प्लेटकडे. दोन शक्यता आहेत. पहिली, जनुकं जागेवर आहेत, फक्त निजली आहेत. न्यूट्रिएंट अगारमध्ये पेप्टोनची, म्हणजे आयत्या पचवलेल्या प्रथिनांची, मेजवानी असते, पुष्कळ स्ट्रेप्टोमायसिस त्यावर बीजाणूच धरत नाहीत. दुसरी शक्यता जास्त वाईट. या जिवाणूंचं गुणसूत्र गोल नसून सरळ असतं आणि त्याची टोकं सहज तुटतात. प्रतिजैविकांच्या बऱ्याच पाककृती त्या टोकांकडच्या भागातच असतात. तू दर वेळी लूपने (तारेच्या कडीने) जोरात वाढलेला भाग उचललास, तर नकळत अशा तुटक्यांचीच निवड होत गेली असेल. (हे नेहमी नुकसानच असतं असं नाही. लायडन विद्यापीठात २०२० मध्ये दाखवलं गेलं की सीलिकलरच्या वसाहतीत काही पेशी टोकाची लाखो अक्षरं गमावतात, बीजाणू जवळपास धरत नाहीत, पण प्रतिजैविक भरपूर करतात. जणू त्यांनी स्वतःचा वंश सोडून राखणीचं काम पत्करलं. मी निवृत्त झाल्यानंतरचं हे काम, पण ते वाचताना हातातला चहा गार झाला.)

कुठली शक्यता खरी, हे तुला कॉलेजातच पाहता येईल. पहिल्या प्लेटची स्लँट (तिरप्या अगारच्या नळीत जपलेलं कल्चर) फ्रीजमध्ये असेल तर तिच्यापासून पुन्हा सुरुवात कर. नसेल तर मातीचा उरलेला नमुना घे. सोयाबीन-मॅनिटॉल अगार बनव: एक लिटर नळाच्या पाण्यात २० ग्रॅम सोयाबीनचं पीठ, २० ग्रॅम मॅनिटॉल, २० ग्रॅम अगार. जुनं आणि आत्ताचं, दोन्ही कल्चर त्यावर आणि स्टार्च-केसीनवर शेजारी शेजारी रेघ, २८ अंशांवर सात दिवस ठेव, मग स्टॅफिलोकोकस आणि बॅसिलस सबटिलिस आडवे ओढ. आत्ताच्या कल्चरचा झोन परत आला तर ते निजलं होतं. कुठल्याच माध्यमावर आला नाही आणि जुन्याचा आला, तर जनुकं गेली असण्याची शक्यता मोठी.

जमलं तर आणखी एक कर. अगदी कमी पोषणाच्या अगारमध्ये थोडं एन-असिटिलग्लुकोसामिन घालून बघ. २००८ साली रिगाली, व्हॅन वेझेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हीच साखर उपाशी सीलिकलरला औषध करायला लावते आणि भरल्या पोटी असलेल्याला थांबवते. किड्याच्या, खेकड्याच्या कवचातून ती मिळाली तर अन्न आहे, वाढत राहा. स्वतःचीच पेशीभित्तिका विरघळून मिळाली तर आपलं मरण सुरू झालंय, आवराआवर करा. एकच रेणू, अर्थ परिस्थितीवरून. डास-आर नावाचं प्रथिन ही बातमी जनुकांपर्यंत पोचवतं.

यापुढे कल्चर मिळालं की पहिल्याच दिवशी त्याचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेव. चुकलं असेल तर एवढंच. आणि झोन गेला म्हणून प्रकल्प गेला असं मानू नकोस. हरवलेला झोन हाच तुझा प्रकल्प कर, मार्गदर्शकांना माझं हे उत्तर दाखव.

प्रश्न : माझे वडील पिंपरीच्या अँटिबायोटिक्स कारखान्यात होते. ते सांगत, तिथल्या आवारातल्या मातीत एक औषध सापडलं होतं. हे खरं का? (चिंचवड)

उत्तर : औषध सापडल्याचं अगदी खरं आहे, आणि तुमच्या वडिलांना त्याचा अभिमान असणार. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली पिंपरीत स्थापन झाला. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा केला. त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून मिळालेलं हॅमायसिन. कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या दोन शब्दांची आद्याक्षरं, एच आणि ए, त्या औषधाच्या नावात आहेत. ते जिवाणूंवर नव्हे, बुरशीवर चालतं. त्वचेच्या आणि तोंडातल्या कँडिडासारख्या संसर्गांवर ते वरून लावायला वापरलं गेलं. आपल्या एका गावाचं नाव जिवाणूशास्त्रात लॅटिन होऊन बसलं आहे, हे शाळेत कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : बाजारात अ‍ॅक्टिनोमायसिटीसची पावडर मिळते. डाळिंबाच्या बागेत टाकली तर जमिनीत औषध तयार होऊन मर रोग थांबेल का? स्ट्रेप्टोसायक्लिन फवारण्यापेक्षा बरं ना? (सांगोला)

उत्तर : दादा, वरचं उत्तर वाचलं असेल तर माझी अडचण कळेल. अ‍ॅक्टिनोमायसिटीस म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस ज्या गटात येतो तो जिवाणूंचा गट. पावडरीत बीजाणू असतात, औषध नसतं. ते बीजाणू तुमच्या जमिनीत रुजणार का, रुजले तर औषधाचा निर्णय घेणार का, हे तिथलं अन्न, ओल आणि शेजारी ठरवतात. पाकिटावरचा आकडा ते ठरवत नाही. हे होऊच शकत नाही असंही नाही. फिनलंडच्या पीट मातीतून मिळालेला एक स्ट्रेप्टोमायसिस मायकोस्टॉप या नावाने हरितगृहांत फ्युजॅरियमसारख्या बुरशींविरुद्ध विकला जातो. पण आपली सांगोल्याची उथळ, चुनखडीची जमीन आणि हरितगृहातली कुंडी यांत फरक आहे. पावडर आणायचीच असेल तर चार ओळींत चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाका, शेजारच्या चार ओळी तशाच ठेवा, आणि हंगामभर झाडं मोजा. आधी मर कशाची आहे, बुरशीची, सूत्रकृमीची की शॉट होल बोररची, ते कृषी विज्ञान केंद्रात मूळ दाखवून नक्की करून घ्या.

स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दल मी हात जोडून सांगते, मरीसाठी ते फवारू नका. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे, दोन्ही जिवाणूंवरची औषधं. बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. मातीतल्या जिवाणूंत मात्र त्यांना दाद न देणारी जनुकं वाढतात, आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाच्या रुग्णांच्या उपचारात वापरलं गेलेलं औषध आहे.

प्रश्न : प्रतिजैविक बनवणारा जिवाणू स्वतःच त्याने का मरत नाही? (बारावी, रत्नागिरी)

उत्तर : छान विचारलंस. कारण संरक्षण आणि शस्त्र यांचा आदेश एकाच वेळी सुटतो. वर आलेलं अ‍ॅडप-ए प्रथिन एसटीआर-आरचं जनुक जागं करतं, तेव्हा त्याला लागूनच असलेलं एक जनुकही त्याच्याबरोबर वाचलं जातं. त्यापासून होणारं विकर स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट चिकटवून पेशीच्या आत निकामी ठेवतं. तो फॉस्फेट पेशीच्या बाहेर गेल्यावर निघतो आणि रेणू धारदार होतो.

निळ्या सीलिकलरची रीत निराळी. त्याच्याकडे औषध बाहेर फेकणारे पंप आहेत. अ‍ॅक्ट-आर नावाचं प्रथिन पंपाच्या जनुकावर बसून ते बंद ठेवतं. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन बनू लागलं की त्याचा रेणू अ‍ॅक्ट-आरला चिकटतो आणि त्याला उठवतो. विशेष म्हणजे पूर्ण तयार झालेला रेणूच लागतो असं नाही, अर्धवट बनलेले रेणूही हे काम करतात, म्हणून शेवटची पायरी गाठेपर्यंत पंप सुरू झालेला असतो. तू जीवशास्त्रात लॅक ओपेरॉन शिकला असशील. तिथे जशी साखर येऊन दडपणाऱ्या प्रथिनाला बाजूला करते, तसंच हे. फक्त इथे जे बाहेर काढायचं आहे, तेच दार उघडतं.